रोजच्या वापरातील इंग्रजी : किती शब्द, कोणते शब्द?

सातारा/सांगली : साताऱ्याच्या राजवाड्यातील सरकारी शाळेच्या दप्तरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचे नाव दाखल झाले. वर्ग होता पहिली इंग्रजी आणि नाव होते भिवा रामजी आंबेडकर. ही शाळा आज छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा हा शाळाप्रवेशाचा दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. 'पहिली इंग्रजी' हा शब्दप्रयोग मात्र आता वापरातून गेला आहे. त्या काळी मराठीच्या इयत्ता पूर्ण झाल्या, की इंग्रजीच्या इयत्ता पुन्हा एकपासून मोजल्या जात. म्हणजे मुलाची इंग्रजीशी पहिली भेट साधारण आजच्या पाचवीच्या वयात होत असे.

नावे बदलली तरी मराठी शाळांत इंग्रजी उशिरा सुरू करण्याची रीत पुढे शंभर वर्षे चालू राहिली. जून २००० मध्ये राज्य शासनाने पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आज तिशी ओलांडून स्वतः पालक झाली आहेत. तरीही सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील मराठी शाळांतून बाहेर पडलेल्या तरुणांकडून ऐकू येणारी तक्रार जुनीच आहे. स्पेलिंगे पाठ आहेत, परीक्षेत गुणही पडले, पण समोरच्याने इंग्रजीत चार वाक्ये विचारली, की शब्द सापडत नाहीत. त्यावर उपाय म्हणून कुणी 'तीस दिवसांत इंग्रजी'चे पुस्तक घेतो, कुणी क्लास लावतो, तर कुणी फळाफुलांची आणि पशुपक्ष्यांची नावे पाठ करतो. नेमके किती शब्द लागतात आणि कोणते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वस्तुतः त्याचे बरेचसे उत्तर उपलब्ध आहे.

साडेआठशे की दोन हजार?

मोजक्या शब्दांत इंग्रजी बसवण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न सी. के. ऑग्डेन या ब्रिटिश विद्वानाचा. १९३० मध्ये त्यांनी 'बेसिक इंग्लिश' या नावाने ८५० शब्दांची यादी जाहीर केली. त्यांपैकी ६०० शब्द वस्तू आणि कल्पनांची नावे होती, १५० शब्द गुण दाखवणारे होते आणि उरलेले १०० वाक्य चालवणारे. या शेवटच्या शंभरांत क्रियापदे म्हणावीत अशी जेमतेम अठरा. 'एंटर' नको, 'गो इन' म्हणा. 'रिटर्न' नको, 'कम बॅक' म्हणा, असा त्यांचा खाक्या होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनीही या योजनेचा जाहीर पुरस्कार केला होता.

कागदावर योजना सुबक होती, पण मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने तिच्यात एक मेख आहे. 'पुट', 'अप' आणि 'विथ' हे तीनही शब्द ऑग्डेन यांच्या यादीत आहेत. मात्र 'पुट अप विथ' याचा अर्थ 'सहन करणे' असा होतो, हे तीन शब्द वेगवेगळे शिकून कुणालाही कळणार नाही. त्यापेक्षा 'टॉलरेट' हा एक लांबट शब्द लक्षात ठेवणे आपल्याला सोपे जाते. शब्द मोजून कमी केले म्हणजे भाषा सोपी होतेच असे नाही.

दुसरी यादी अधिक उपयोगी ठरली आणि तिचे मूळ भारतीय उपखंडात आहे. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षक ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात काम करीत होते. बंगाली मुले इंग्रजी कशी शिकतात, याचा त्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला. मुलांना बोलण्यापूर्वी वाचता यावे आणि वाचनात नवे शब्द हळूहळू, मोजून यावेत, या विचाराने त्यांनी वाचनमाला तयार केली. त्यांची सुमारे २,००० शब्दांची यादी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. साध्या इंग्रजी मजकुरातील दर दहा शब्दांपैकी आठ या यादीत सापडतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. अमेरिकेच्या 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या रेडिओने १९५९ मध्ये परदेशी श्रोत्यांसाठी सावकाश वाचलेल्या बातम्या सुरू केल्या, त्याही सुमारे दीड हजार शब्दांत बसवल्या जात. म्हणजे बातमी समजण्याइतके इंग्रजी दीड ते दोन हजार शब्दांत येते. आपली गरज भागवण्याइतके इंग्रजी त्याहूनही कमी शब्दांत येऊ शकते.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट या याद्यांच्या पहिल्या पानावर आहे. कोणताही इंग्रजी मजकूर घेतला, तर त्यातला सुमारे निम्मा भाग अवघ्या शंभर शब्दांनी व्यापलेला असतो. त्यांत आंबा, पोपट किंवा इंद्रधनुष्य नसते. 'द', 'ऑफ', 'टू', 'अँड', 'इन', 'दॅट', 'हॅव', 'फॉर', 'विथ', 'बट', 'इफ' असले किडुकमिडुक शब्द असतात. ज्यांचे चित्र काढता येत नाही, तेच शब्द सर्वाधिक लागतात. तक्त्यावरच्या चित्रांवरून इंग्रजी शिकलेल्या मुलाची अडचण इथे सुरू होते.

नावे आहेत, जोड नाही

आता आपल्याकडे पाहू. इंग्रजी येत नाही असे म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडी किती इंग्रजी शब्द असतात, हे एकदा मोजून पाहावे. कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. तेव्हापासून परिसरातल्या घराघरांत लेथ, टर्नर, फिटर, शिफ्ट, ओव्हरटाइम, पंप, व्हॉल्व्ह हे शब्द मराठीच होऊन बसले. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले. पुढे मिरज हे वैद्यकीय उपचारांचे गाव झाले. सलाइन, एक्स-रे, ऑपरेशन, वॉर्ड, डिस्चार्ज हे शब्द कर्नाटकच्या सीमेपर्यंतच्या खेड्यांत कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत.

तासगावच्या द्राक्षबागेत तर शब्दांचे पीकच आहे. रूटस्टॉक, पेस्टिंग, डिपिंग, थिनिंग, स्प्रे, डोस, ड्रिप, कोल्ड स्टोअरेज. महिन्यांची नावेही इंग्रजी, कारण छाटणी 'एप्रिल'ची आणि 'ऑक्टोबर'ची. चैत्र-आश्विनाचा हिशेब बागेत चालत नाही. ऊसपट्ट्यात सीझन, टनेज, रिकव्हरी, क्रशिंग आणि 'एफआरपी' ही तीन अक्षरे. साधी शिक्षणाची पाटी मिरवणारा शेतकरीसुद्धा हे शब्द अचूक जागी वापरतो.

मग अडते कुठे? हे सारे शब्द नावे आहेत. आपण इंग्रजी नाम उचलतो आणि त्याला मराठी क्रियापदाची दोरी बांधतो. स्प्रे 'मारतो', डोस 'देतो', ट्रॅक्टर रिव्हर्स 'घेतो', फॉर्म 'भरतो', फोन 'लावतो', तिकीट 'काढतो'. मराठीसाठी ही सोय उत्तम आहे. शब्द पचवण्याची ही रीत नवी नाही. बटाटा, पाव, चावी, पगार, काजू हे पोर्तुगीज शब्द असेच पचले. मात्र इंग्रजी बोलू लागलो, की दोरी तुटते. तिकीट 'काढणे' म्हणजे 'बाय' किंवा 'बुक', फोटो 'काढणे' म्हणजे 'टेक', चित्र 'काढणे' म्हणजे 'ड्रॉ', शर्ट 'काढणे' म्हणजे 'टेक ऑफ', पैसे 'काढणे' म्हणजे 'विथड्रॉ', आणि दिवस 'काढणे' याला तर 'मॅनेज' म्हणावे लागते. एका 'काढणे'ची इंग्रजीत सहा रूपे होतात.

दुसरी तुटलेली जोड विभक्तीची. मराठीत प्रत्यय शब्दाच्या शेपटाला चिकटतो. इंग्रजीत तोच अर्थ सांगणारा शब्द सुटा असतो आणि आधी येतो. 'टेबलावर'चे 'ऑन द टेबल' होते. इथवर कुणी चुकत नाही. पण मराठीचा एकच 'ने' घ्या. एसटीने गेलो म्हणजे 'बाय बस', पेनने लिहिले म्हणजे 'विथ अ पेन', तापाने आजारी म्हणजे 'विथ फीव्हर', बाबांच्या परवानगीने म्हणजे 'विथ फादर्स परमिशन', आणि या रस्त्याने जा म्हणजे 'बाय' किंवा 'अलाँग धिस रोड'. वेळेचेही असेच. सोमवारी म्हणजे 'ऑन मंडे', सकाळी म्हणजे 'इन द मॉर्निंग', रात्री म्हणजे 'ॲट नाइट', पाच वाजता म्हणजे 'ॲट फाइव्ह', जूनमध्ये म्हणजे 'इन जून'. सकाळला 'इन' आणि रात्रीला 'ॲट' का, याला समाधानकारक उत्तर नाही. ते तसेच पाठ करावे.

म्हणून नवशिक्याने पहिला महिना या जोडशब्दांना आणि वीस-पंचवीस क्रियापदांना द्यावा. 'गो, कम, गेट, गिव्ह, टेक, पुट, कीप, मेक, डू, से, टेल, आस्क, नो, थिंक, वाँट, नीड, ब्रिंग, सेंड, वेट, स्टार्ट, स्टॉप, हेल्प' इतकी क्रियापदे त्यांच्या भूतकाळासह पक्की झाली, तर आपल्याकडे आधीच असलेली नावे एकदम कामाला लागतात.

'स्टेट' म्हणजे राज्य नव्हे

शब्दांच्या अभावाची खरी किंमत मोजावी लागते ती अकरावीत. दहावीपर्यंत मराठीतून गणित-विज्ञान शिकलेला विद्यार्थी विज्ञान शाखेला जातो आणि एका उन्हाळ्यात सगळी पुस्तके इंग्रजी होतात. त्याला विषय समजत नाही असा शिक्षकांचा समज होतो, हळूहळू त्याचाही होतो. पुष्कळदा विषय त्याला येत असतो, प्रश्न समजलेला नसतो.

ऑक्सिजन, व्होल्टेज, ट्रायँगल हे शब्द तो आठवडाभरात आत्मसात करतो. ते जाड अक्षरांत छापलेले असतात आणि शिक्षकही फळ्यावर लिहितात. जे शब्द कुणी शिकवत नाही, ते प्रश्नाच्या सुरुवातीला असतात. 'स्टेट' म्हणजे येथे राज्य नव्हे, नियम मोजक्या शब्दांत मांडा. 'डिफाइन' म्हणजे व्याख्या लिहा, 'एक्सप्लेन' म्हणजे स्पष्टीकरण द्या, 'डिस्टिंग्विश' म्हणजे फरक स्पष्ट करा, 'जस्टिफाय' म्हणजे विधानाला कारण द्या, 'व्हेरिफाय' म्हणजे पडताळा घ्या, 'इव्हॅल्युएट' म्हणजे किंमत काढा, 'डिराइव्ह' म्हणजे सूत्र पायरीपायरीने मिळवा, 'लेबल' म्हणजे आकृतीतील भागांना नावे द्या. भूमितीत आपण पक्ष, साध्य, सिद्धता असे लिहीत आलो. तेच 'गिव्हन', 'टू प्रूव्ह' आणि 'प्रूफ'. तीन टिंबांचे चिन्ह काढून आपण 'म्हणून' म्हणतो, ते 'देअरफोर'. उलटी टिंबे म्हणजे 'बिकॉज' किंवा 'सिन्स'.

यापुढचे शब्द अधिक फसवे. 'ॲट लीस्ट' म्हणजे किमान, 'ॲट मोस्ट' म्हणजे जास्तीत जास्त. संभाव्यतेच्या गणितात यांची अदलाबदल झाली, की रीत बरोबर असूनही उत्तर चुकते. 'एक्सेप्ट' हा एका स्पेलिंगने 'खेरीज' आणि दुसऱ्या स्पेलिंगने 'स्वीकारणे'. 'रिस्पेक्टिव्हली' म्हणजे अनुक्रमे. त्याचा आदराशी संबंध नाही. 'कन्सेक्युटिव्ह' म्हणजे क्रमागत. 'अनलेस' म्हणजे 'जर नाही तर', यात नकार आधीच आहे, आणखी 'नॉट' घालायचा नसतो. 'हार्डली' म्हणजे कष्टाने नव्हे, जेमतेमच.

असे चाळीस-पन्नास शब्द दहावीच्या सुट्टीत करून घेतले, तर अकरावीचे पहिले सत्र वाया जात नाही. सेमी इंग्रजीच्या वर्गांमुळे गणित-विज्ञान आधीपासून इंग्रजीत येते आणि ही अडचण काहीशी कमी होते. २०२२ मध्ये पहिलीच्या मराठी माध्यमासाठी मराठी-इंग्रजी द्विभाषिक पुस्तके आणण्याचा निर्णयही याच दिशेचा होता. पण ज्यांची दहावी झाली आहे, त्यांना हे शब्द स्वतःच गोळा करावे लागतील.

आकड्यांबद्दलही सांगायला हवे. मराठीत सत्तेचाळीस म्हणताना आधी सात येतो, मग चाळीस. इंग्रजीत 'फॉर्टी-सेव्हन' म्हणताना चाळीस आधी. दूरध्वनी क्रमांक सांगताना ४७ चे ७४ होते ते याच कारणाने. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'ऐवजी 'वीस सात' असे वाचन सुचवले गेले, तेव्हा राज्यभर वाद झाला होता. तो वाद बाजूला ठेवला, तरी इंग्रजी आकडे शिकताना ही उलटापालट ध्यानात घ्यावीच लागते. 'थर्टीन' आणि 'थर्टी', 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांतला फरक मोबदल्याच्या किंवा भाड्याच्या बोलण्यात महागात पडतो. शंका आली तर 'वन-फाइव्ह की फाइव्ह-झीरो' असे विचारून घ्यावे. इंग्रज माणूसही तसेच विचारतो.

बाटलीवरचे शब्द

काही शब्द पाठ नसतील तर परीक्षा बुडत नाही, जीव धोक्यात येतो. औषधाच्या बाटलीवर 'फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली' असे असेल, तर ते औषध केवळ त्वचेवर लावण्यासाठी आहे, पोटात घेण्यासाठी नाही. 'शेक वेल बिफोर यूज' म्हणजे घेण्यापूर्वी चांगले हलवा. 'कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रेन' म्हणजे मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवा. 'एक्स्पायरी' हा शब्द बहुतेकांना ठाऊक आहे, पण शेजारची 'एमएफजी' ही अक्षरे उत्पादनाच्या तारखेची असतात. या दोन तारखांची गल्लत होते.

द्राक्ष, ऊस आणि भाजीपाल्याच्या या पट्ट्यात कीटकनाशकांच्या बाटल्या घरोघरी असतात. त्यांवर एक तिरपा चौकोन असतो. त्याचा खालचा त्रिकोण रंगीत असतो आणि वरच्या त्रिकोणात इशारा छापलेला असतो. लाल आणि पिवळ्या रंगासोबत 'पॉयझन' म्हणजे विष हा शब्द असतो. लाल म्हणजे अतिशय जहाल, पिवळा त्याखालोखाल. निळ्यासोबत 'डेंजर' म्हणजे धोका आणि हिरव्यासोबत 'कॉशन' म्हणजे सावधगिरी. हिरवा रंग म्हणजे निर्धोक असा अर्थ काढू नये. तेही विषच, फक्त सौम्य. 'डेंजर' या शब्दाचे तर आपल्याकडे वेगळेच झाले आहे. कॉलेजच्या कट्ट्यावर 'लय डेंजर' ही शाबासकी असते. बाटलीवर ती तशी नसते.

बँकेच्या आणि सरकारी अर्जांवरचे शब्द तुलनेने सोपे. 'सरनेम' आडनाव, 'मिडल नेम' वडिलांचे किंवा पतीचे नाव, 'अप्लिकंट' अर्जदार, 'गार्डियन' पालक, 'नॉमिनी' नामनिर्देशित व्यक्ती, 'विटनेस' साक्षीदार, 'अमाउंट इन वर्ड्स' म्हणजे अक्षरी रक्कम. 'डिपॉझिट' म्हणजे भरणे आणि 'विथड्रॉ' म्हणजे काढणे. 'मॅरिटल स्टेटस' याला अनेक जण 'मार्शल' समजून घाबरतात. विवाह झाला आहे की नाही, एवढेच तिथे विचारलेले असते.

ओळखीचे, पण परके

मराठीने उचललेल्या काही इंग्रजी शब्दांचा अर्थ वाटेत बदलला आहे. आपले 'हॉटेल' म्हणजे मिसळ खाण्याची जागा. इंग्रजीत ती राहण्याची जागा. 'लाइट गेली' म्हणजे वीज गेली. इंग्रजीत 'पॉवर' जाते. 'गॅदरिंग' म्हणजे शाळेचे स्नेहसंमेलन, इंग्रजीत साधा जमाव. 'पार्सल' म्हणजे घरी न्यायचे खाणे, इंग्रजीत टपालाचे पुडके. 'क्लास' म्हणजे खासगी शिकवणी. बाजारपेठेत 'पार्टी' म्हणजे गिऱ्हाईक. 'झेरॉक्स' हे एका कंपनीचे नाव आहे, परदेशात 'फोटोकॉपी' म्हणावे लागते. यांत लाजण्यासारखे काही नाही; भाषा असेच करतात. फक्त मराठी गावाबाहेर इंग्रजी बोलताना सावध असावे.

उलट बाजूने, आपला एक शब्द इंग्रजीत दोघांत वाटला जातो. हात म्हणजे खांद्यापासून मनगटापर्यंत 'आर्म' आणि पुढे 'हँड'; पाय म्हणजे 'लेग' आणि 'फूट'; हाताचे बोट 'फिंगर', पायाचे 'टो'. डॉक्टरांना दुखणे सांगताना हा भेद लागतो. भिंतीवरचे घड्याळ 'क्लॉक', मनगटावरचे 'वॉच'. झाडाची गार सावली 'शेड', माणसाची पडछाया 'शॅडो'. कानावर पडणे 'हिअर', लक्ष देऊन ऐकणे 'लिसन'. उसने देणे 'लेंड', उसने घेणे 'बॉरो'. या जोडीत तर चांगले शिकलेलेही अडखळतात. बोलण्याच्या कुळात 'से', 'टेल', 'स्पीक', 'टॉक' असे चार भाऊ आहेत. कुणाला काही सांगायचे असेल तर 'टेल', नुसते म्हणायचे तर 'से', भाषा बोलायची तर 'स्पीक', गप्पा मारायच्या तर 'टॉक'.

नात्यांच्या बाबतीत मात्र इंग्रजी दरिद्री आहे. काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान सारे 'अंकल'. चुलत, मावस, आते, मामे सारे 'कझिन'. दीर, मेहुणा, साडू यांना एकच 'ब्रदर-इन-लॉ'. लग्नाच्या पंगतीत हे चालणार नाही.

शेतमालाची नावे या दोन जिल्ह्यांना विशेष लागतात, कारण माल बाहेर जातो. हळद 'टर्मरिक', आले 'जिंजर', ऊस 'शुगरकेन', ज्वारी 'सॉर्गम', बाजरी 'पर्ल मिलेट', शेंगदाणा 'पीनट' किंवा 'ग्राउंडनट'. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे नाव नीट लिहिण्याला आता अधिक महत्त्व आहे. बेदाणा म्हणजे 'रेझन'. 'रेझिन' म्हणजे राळ. आणि 'रीझन' म्हणजे कारण. तिन्हींची स्पेलिंगे वेगळी आहेत आणि खोक्यावर चुकीचे छापले गेले, तर परदेशी खरेदीदाराला पेटीत राळ असल्याचे कळवल्यासारखे होते. शेतात उभे भात, गिरणीतला तांदूळ आणि ताटातला भात या तिन्हींना मात्र इंग्रजीत 'राइस' पुरतो. उभ्या पिकाला फार तर 'पॅडी'. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आपले नाव घेऊनच आली. साताऱ्याच्या कंदी पेढ्याला इंग्रजी शब्द नाही आणि शोधूही नये.

उच्चार आणि अदब

मराठी माणसाला इंग्रजी उच्चार तसे जड जात नाहीत. 'व्हॅन' आणि 'वॉच' यांतल्या दोन 'व'कारांसाठी आपण लिहितानाच 'व्ह' आणि 'व' असा भेद करतो. 'बॅट'मधला आणि 'डॉक्टर'मधला स्वर दाखवण्यासाठी चंद्र आहे. हा चंद्र बोलतानाही सांभाळला, की 'बेड' आणि 'बॅड', 'पेन' आणि 'पॅन' यांची गल्लत होत नाही. कित्येक उपाहारगृहांच्या फलकांवर 'स्नॅक्स'चे स्पेलिंग 'स्नेक्स' असे आढळते, तिथे फराळाऐवजी साप मिळतील असा अर्थ होतो. ऱ्हस्व-दीर्घाकडेही लक्ष हवे. 'शिप' जहाज आणि 'शीप' मेंढी. माणदेशातल्या मेंढपाळाच्या मुलाने हा भेद एकदा ऐकला, की तो विसरणार नाही. लिहायचे पण उच्चारायचे नाही अशी अक्षरे 'नाइफ', 'नी', 'लिसन', 'आयलंड' या शब्दांत दडलेली असतात. ती शब्द पाहूनच शिकावी लागतात.

अदबीचा मुद्दा याहून नाजूक. मराठीत तू, तुम्ही आणि आपण आहेत. 'बसा', 'द्या ना' अशा क्रियापदांतच आदर येतो. इंग्रजीत सर्वांना एकच 'यू'. मग आदर कुठे ठेवायचा? तो 'प्लीज', 'कुड यू', 'मे आय' या सुट्या शब्दांत ठेवावा लागतो. 'मला एक फॉर्म द्या' हे मराठीत पुरेसे सभ्य आहे. त्याचे शब्दशः 'गिव्ह मी अ फॉर्म' केले, तर हुकूम सोडल्यासारखे वाटते. 'कुड आय हॅव अ फॉर्म, प्लीज' असे म्हणावे. समजले नाही तर 'व्हॉट?' न म्हणता 'सॉरी, कुड यू रिपीट?' म्हणावे. नवशिक्याला सर्वाधिक उपयोगी पडणारे वाक्य कदाचित हेच, कारण ते बोलून विचार करायला चार क्षण मिळतात.

वही कशी ठेवावी

मराठी माणसाच्या इंग्रजी शिकण्याला साधनांची उणीव कधी नव्हती. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या पोसल्या गेल्या. १९१९ या एकाच वर्षी सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले आणि कराड तालुक्यातील काले येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पाचगणीच्या निवासी शाळा आणि साताऱ्याची सैनिक शाळा याच जिल्ह्यातल्या. आज कोश मोबाइलमध्ये आहे आणि तो शब्द उच्चारूनही दाखवतो. तरीही कागदाची एक छोटी वही असावी, असे सुचवावेसे वाटते.

वहीत छापील यादी उतरवू नये. आपल्या दिवसाची यादी करावी. बसस्थानकावर जाणाऱ्याने 'डिपार्चर', 'अरायव्हल', 'प्लॅटफॉर्म', 'डिले'पासून सुरुवात करावी. पुण्यात नोकरीला निघालेल्याने 'शिफ्ट', 'लीव्ह', 'सॅलरी', 'डिपॉझिट', 'रेंट'पासून. रुग्णासोबत मिरजेला राहणाऱ्याने 'पेन', 'फीव्हर', 'डिझी', 'स्वेलिंग', 'अलर्जी'पासून. शब्द एकटा लिहू नये. त्याच्यासह स्वतःच्या आयुष्यातले एक वाक्य लिहावे. 'डिले' लिहिले तर शेजारी 'द बस इज डिलेड' हवे. वाक्य खोटे असू नये. त्या दिवशी बस खरोखर उशिरा आली असेल, तर शब्द अधिक टिकतो.

रविवार सोडून रोज पाच शब्द घेतले, तर महिन्याला सुमारे एकशे तीस आणि सहा महिन्यांत सुमारे पावणेआठशे होतात. म्हणजे ऑग्डेन यांची यादी जवळजवळ पूर्ण. रोज पन्नास शब्दांचा संकल्प करणारा माणूस चौथ्या दिवशी वही बंद करतो, हे पाहण्यातले आहे. रविवारी नवे शब्द घेऊ नयेत. त्या दिवशी मराठी बाजू उघडी ठेवून इंग्रजी बाजू झाकावी आणि आठवड्याची तीस वाक्ये मोठ्याने म्हणावीत. अडलेल्या शब्दांवर खूण करून तेच सोमवारच्या पानावर पुन्हा लिहावेत.